चाकाआडचा ब्रेक मालकाच्या नजरेखाली यायला हवा

इंदूरमध्ये नवी गाडी घेतली की शोरूममधून निघालेली पुष्कळ कुटुंबे घराच्या आधी खजरान्याला वळतात. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेल्या तिथल्या गणेश मंदिरापाशी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, स्टिअरिंगला धागा बांधला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेली मराठी घरेही या रिवाजात माळव्यातल्या इतरांइतकीच मनापासून सामील असतात. गणपतीकडे मागणे एकच असते, ही गाडी आमच्या माणसांना सुखरूप नेवो आणि आणो. हे मागणे ज्या वस्तूवर सर्वांत जास्त अवलंबून आहे, ती पुढच्या दोन चाकांच्या आड बसलेली असते, तळहाताएवढीही नसते आणि बहुतेक मालकांनी ती गाडी विकेपर्यंत एकदाही डोळ्यांनी पाहिलेली नसते. माझे म्हणणे असे आहे की, पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलणे हे काम गाडीच्या मालकाला आले पाहिजे आणि ते त्याने घरच्या अंगणात निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेले असले पाहिजे. यात थोडे पैसे वाचतील, पण मुद्दा तो नाही. आपल्या गाडीचा ब्रेक कोणत्या अवस्थेत आहे हे आज आपल्याकडे खात्रीने सांगू शकेल असा दुसरा कोणी नाही, हा मुद्दा आहे.

दुसरा कोणी का नाही, हे समजण्यासाठी कायद्याकडे पाहावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. ट्रक, बस, टॅक्सी यांना फिटनेसचे प्रमाणपत्र लागते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. घरच्या गाडीला मात्र ही पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तशी कुठलीही तपासणी नाही. पीयूसीसाठी दरवर्षी गाडी उभी करावी लागते. तिथे सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावून धूर मोजला जातो आणि कागद हातात पडतो. विम्याचे नूतनीकरण आता मोबाइलवर दोन मिनिटांत होते. लायसन्सच्या परीक्षेत गाडी मागे घेता येते का, वळणे नीट घेता येतात का, एवढे पाहतात. चाक उघडायला कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी अधिकृत केंद्रात तिचे ब्रेक तपासले जातात. जर्मनीत आणि जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे धुराची चौकशी दरवर्षी होते, ब्रेकची दीड दशक होत नाही. इतक्या काळात मध्यम वापराची गाडी पुढच्या पॅडचे तीन-चार जोड सहज संपवते. ते वेळेवर बदलले की नाही, बदलताना काय घातले, याची नोंद सरकारदरबारी कुठेच नसते. ही पोकळी सरकारने भरली पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. ती भरेपर्यंत मात्र जबाबदारी ज्याच्या नावाने आरसी बुक आहे त्याच्यावरच येते.

इंदूरकराला हा विषय इतरांपेक्षा जास्त जवळचा वाटायला हवा, कारण त्याचे शहर पठारावर आहे आणि त्याची तीर्थक्षेत्रे व सोयरी पठाराखाली. ओंकारेश्वरला जायचे तर सिमरोल सोडल्यावर भेरूघाट उतरावा लागतो. महेश्वर गाठायचे किंवा धुळे-नाशिककडे माहेरी-सासरी जायचे तर मानपूरच्या पुढे विंध्याची उतरण आहे, आणि पुढे सेंधव्यापलीकडे बिजासन घाट आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, तर खलघाटला नर्मदा दीडशेच्या आसपास. माणसे आणि सामान धरून बाराशे किलोची गाडी हे चारशे मीटर उतरते तेव्हा सुमारे ४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगावरून थांबवायला सुमारे एक लाख सदुसष्ट हजार ज्यूल पुरतात. म्हणजे एका उतरणीत जवळजवळ अठ्ठावीस वेळा गाडी साठवरून शून्यावर आणण्याइतके काम आहे. यातला काही भाग हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि खालच्या गिअरमध्ये ठेवलेले इंजिन उचलते. उरलेल्याची ब्रेकमध्ये उष्णता होते. ४७ लाख ज्यूलमध्ये पंधरा लिटर पाणी उकळी धरते, यावरून या उष्णतेचा अंदाज यावा. जाड पॅड ही उष्णता काही काळ अडवून धरतो. झिजून पातळ झालेला पॅड ती त्याला मागून दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत जाऊ देतो, तिथून ती ब्रेक ऑइलला लागते, आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या, हवेतला ओलावा शोषलेल्या ऑइलमध्ये वाफ धरली की पेडल मऊ पडते. मानपूरपुढच्या याच उतरणीवरच्या गणेश घाटाचे नाव वर्षानुवर्षे अपघातांच्या बातम्यांत येत राहिले. ४ जुलै २०२३ रोजी सेंधव्याच्या बाजूने महाराष्ट्रात उतरलेला, ब्रेक निकामी झालेला ट्रक शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ पुढच्या गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. ट्रकचे ब्रेक हवेवर चालणारे, ड्रमचे, मोटारीचे वेगळे. पण उतरण तीच आणि उष्णतेचा नियमही तोच.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढची चाके करतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि कॅलिपर नावाचा जबडा त्यांना तबकडीवर आवळतो. नव्या पॅडवर दहा-बारा मिलिमीटरचा थर असतो. तो तीनच्या आसपास आला की पॅड बदलायचा. बहुतेक मोटारींच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या पिना वंगण वाळून किंवा गंज धरून अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच घासत राहतो. चाकाच्या फटीतून वाकून पाहणाऱ्याला बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक दिसतो आणि तो निर्धास्त होतो. आत मात्र थर संपून पत्रा तबकडीला लागलेला असू शकतो. पॅड संपत आला की तबकडीला टेकून किंचाळणारी पत्र्याची पट्टी पुष्कळ पॅडना असते. पण ती कोणत्या पॅडवर आहे आणि आपण काचा लावून, गाणी लावून चालवत असताना तिचा आवाज कानावर येतो का, याची हमी नाही. चाक काढून कॅलिपर उचलल्याशिवाय आतला पॅड नीट दिसत नाही. वरवरच्या पाहणीत हाच पॅड सुटतो. आणि ज्याने एकदा कॅलिपर उचलला, पिना हाताने मागेपुढे सरकवून पाहिल्या, दोन्ही पॅड शेजारी ठेवून त्यांची जाडी मोजली, त्याच्यासाठी नवे पॅड बसवणे हा त्याच कामाचा पुढचा अर्धा तास आहे. नुसते पाहणे पुरे, बदलणे गॅरेजवर सोडा, असे म्हणणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे की नीट पाहायचे तर तीन चतुर्थांश काम होऊनच जाते.

गाडीत बसणाऱ्यानेच ब्रेककडे लक्ष द्यायचे, ही कल्पना गाडीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेली मोटार चालवत मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. डोंगराळ भागात लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांनी त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला बदलता येण्याजोगे अस्तर असावे, ही सोय तिथून पुढे आली. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी बर्मिंगहॅममध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पन्नासच्या दशकात तो शर्यतीच्या गाड्यांतून रस्त्यावरच्या गाड्यांत आला. डिस्क उघडी असते, पॅड बाजूने निघतो. ड्रमच्या ब्रेक शूपेक्षा तो बदलणे कितीतरी सोपे. मालकाच्या हाताला जमेल इतके हे काम सोपे झाले, आणि नेमक्या त्याच काळात आपण ते पाहणेही सोडून दिले.

सर्वांत गंभीर हरकत उघड आहे: ब्रेक म्हणजे प्राणाशी गाठ, तिथे हौशी हात नको. ही हरकत मी हलकी मानत नाही, म्हणूनच तिचे उत्तर तपशिलात द्यायला हवे. या कामात घातक ठरू शकतील अशा चुका मोजक्या आहेत आणि त्या सगळ्या आधीपासून माहीत आहेत. पहिली, गाडी नुसत्या जॅकवर ठेवणे. जॅक चाक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. जमीन सपाट आणि पक्की हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड किंवा विटा लावलेल्या, आणि गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात तो लोखंडी टेकू खाली सारल्याशिवाय हात आत घालायचा नाही. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. दुसरी, काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवणे. नळी आतून फाटते आणि बाहेरून कळत नाही. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधावा. तिसरी, पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा तबकडीला ग्रीसचा हात लागणे. वंगण लागते ते पिनांना, तेही ब्रेकसाठीचे. चौथी, एकाच बाजूचे पॅड बदलणे. मग ब्रेक मारताच गाडी एकीकडे ओढते. पाचवी चूक सर्वांत मोठी, आणि ती काम संपल्यावर होते. नवा जाड पॅड बसावा म्हणून पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत ढकललेला असतो. त्यामुळे नंतर पहिल्यांदा पेडल दाबले की ते थेट तळाला जाते, ब्रेक लागतच नाही. पेडल पुन्हा पुन्हा दाबून ते पायाखाली घट्ट होईपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही, गाडी गेटबाहेर काढायची नाही. त्यानंतर ब्रेक ऑइलची पातळी पाहायची, चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या बळाने आवळायचे आणि रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात आधी ब्रेक तपासायचा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो करकचून ब्रेक टाळावा, म्हणजे पॅड आणि तबकडी एकमेकांना बसतात.

हे वाचून कोणाला धास्ती वाटली तर ती योग्य धास्ती आहे, आणि ज्याला ही पथ्ये पाळायची नाहीत त्याने चाक उघडू नये. पण याच चुका गॅरेजमध्ये होत नाहीत असे समजण्याला आधार काय? तिथे दिवसात पुष्कळ गाड्या उरकायच्या असतात, काम अनेकदा शिकाऊ मुलाच्या हाती असते, आणि पिना साफ न करता नुसते पॅड सारले तर ते मालकाला कधीच कळत नाही. घरी काम करणारा माणूस त्या एका गाडीला रविवारची सगळी सकाळ देतो आणि संध्याकाळी त्याच गाडीत त्याची मुले बसणार असतात. कौशल्य मिस्त्रीकडे जास्त आहे, यात शंका नाही. त्या एका चाकाकडे लक्ष मालकाचे जास्त असते, आणि या विशिष्ट कामात लक्षाचे मोल कौशल्याच्या बरोबरीचे आहे. मर्यादा मात्र कडक हव्यात. ब्रेकची नळी सोडायची नाही, ऑइल बदलणे आणि हवा काढणे गॅरेजकडे, मागचे ड्रम गॅरेजकडे. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीचा मागचा कॅलिपर घरी उघडायचा नाही. ज्या हायब्रीड गाड्यांत ब्रेकचा दाब संगणक तयार करतो, त्यांच्या पुढच्या चाकांनाही हात लावायचा नाही. तबकडीवर खोल चरे पडले असतील, किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर काम तिथेच थांबवून गॅरेज गाठायचे. ब्रेकची धूळ फुंकून उडवायची नाही. जुन्या, स्वस्त पॅडमध्ये असबेस्टॉस असू शकते आणि ते कर्करोगकारक आहे हे सिद्ध आहे. तोंडाला मास्क आणि ओले फडके हवेच.

दुसरी हरकत मिस्त्रींच्या पोटाची. खजराना चौकापासून रिंग रोडच्या दोन्ही अंगांनी छोटी गॅरेजे आहेत, त्यांवर कितीतरी घरे चालतात. सगळे मालक हे काम घरी करू लागतील अशी शक्यता नाही, आणि तशी माझी मागणीही नाही. एकदा स्वतः केलेला मालक पुढच्या वेळी बहुधा गॅरेजमध्येच जाईल, पण तो वेगळा गिऱ्हाईक असेल. पिना साफ केल्या का, हे तो विचारेल. जुने पॅड परत मागेल. ब्रेक वाजतो म्हणून नेलेल्या गाडीचे पॅड पॉलिश पेपरवर घासून परत बसवून देण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर तो समाधान मानणार नाही. आवाज त्याने चार दिवस बंद होतो, कारण तसेच राहते. अर्धे शिल्लक असलेले पॅड संपले म्हणून बदलणाऱ्यालाही त्याच्यापुढे अडचण येईल. यात नुकसान कामचुकारांचे आहे. जो मिस्त्री आजही पिना काढून, घासून, नवे वंगण लावून बसवतो, त्याचे काम ओळखू शकणारा गिऱ्हाईक आज त्याच्याकडे नाही, म्हणून त्याला शेजारच्या स्वस्त दराशी झुंजावे लागते.

वॉरंटीची भीतीही बरीच घातली जाते. पॅड हा झिजणारा भाग असल्याने झिजेसाठी तो सहसा वॉरंटीत येतच नाही. शिवाय २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावताना हेच म्हटले होते की, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त अधिकृत विक्रेत्यांपुरती बांधून ठेवणे ग्राहकाच्या हिताचे नाही. पुढे अपिलांत दंडाचे गणित बदलले, पण गाडीच्या मालकाला आपल्या वस्तूची माहिती मिळण्याचा हक्क आहे, ही दिशा पक्की झाली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल काढले, त्यातही वाहनांचा समावेश आहे. नकली पॅडचा धोका मात्र खरा आहे. तो धोका घरी काम केल्याने वाढत नाही, उलट कमी होतो. गॅरेजमध्ये बहुतेकांना खोके दिसतच नाही, बिलावरची एक ओळ दिसते. स्वतः घेणारा कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून, पार्ट नंबर जुळवून, पक्क्या पावतीवर घेऊ शकतो.

राहिला जागेचा प्रश्न. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे अंगण नसते, आणि उतारावरच्या पार्किंगमध्ये हे काम करणे मला मान्य नाही. वय झालेल्यांना चाक उचलणे झेपत नाही. त्यांच्यासाठी सामाईक सोय उभी करणे अवघड नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे वर्ग चालतात, तिथे जॅक, घोड्या, टॉर्क पाना सगळे असते. रविवारी चार तास ती जागा आणि एक शिक्षक नागरिकांना शुल्क घेऊन मिळावा. ड्रायव्हिंग स्कूलने शिकणाऱ्या प्रत्येकासमोर एकदा तरी पुढचे चाक काढून आतला आणि बाहेरचा पॅड दाखवावा. स्त्रियांना हे काम झेपणार नाही असे गृहीत धरणारे तिथेच गप्प होतील, कारण पिस्टन मागे ढकलायला लागतो तो क्लॅम्पचा आटा, दंडातली ताकद नव्हे. पीयूसीच्या रांगेत गाडी उभीच असते, तिथे निदान बाहेरच्या पॅडची जाडी आणि ब्रेक ऑइलची पातळी कागदावर लिहून देण्याची सक्ती करायला राज्य सरकारांना मोठी यंत्रणा लागणार नाही. स्वच्छतेत देशात पहिले येणाऱ्या इंदूरने घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त लावून दाखवली आहे. ती शिस्तही आधी कोणाला जमेल असे वाटले नव्हते.

घरी हे काम करणाऱ्यांना शेवटची एक विनंती. निघालेले चारही पॅड भंगारात टाकण्याआधी चाकानुसार आणि आतले-बाहेरचे असे खूण करून ठेवावेत, त्यांची जाडी मोजून नव्या पॅडच्या खोक्यावर तारीख आणि किलोमीटरसह लिहावी आणि ते खोके डिकीत ठेवावे. आत आणि बाहेर दोन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर त्या चाकाच्या पिना पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा उघडून पाहाव्यात, आणि तोपर्यंत त्या गाडीने भेरूघाट उतरू नये.